राजूरकर साहेबांचं लॉगिन

१

राजूरकर साहेबांनी गाडी थांबवली. त्यात नवल काही नव्हतं. जरा कुठे मनाला खटकलं की ते आयुष्यभर गाड्या थांबवतच आले होते. नवल एवढंच, की साहेबांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

हे घडलं जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बियाणे कंपनीत. कंपनीचं नाव सांगत नाही, अशिलाचं नाव चावडीवर घ्यायचं नसतं असं आमच्या ताई म्हणतात. दिवस कापूस वेचणीचे होते. कंपनीचे बीजोत्पादनाचे प्लॉट तीर्थपुरीला आणि अंतरवाली सराटीला. तिथला कापूस गाडीत घालून कंपनीत आणायचा, इथे सरकी वेगळी काढायची आणि तिचं बियाणं करायचं. कुठली गाडी कुठल्या गावाला, वजनाला कोण, नमुना घ्यायला कोण, हे सगळं 'प्लॅनर' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये आदल्या दिवशी ठरतं आणि सकाळी ज्याच्या त्याच्या मोबाईलवर येतं.

त्या गुरुवारी सकाळी गाडी गेटपाशी लागली होती, ड्रायव्हरचा चहा झाला होता, आणि पडद्यावर लाल पट्टी आली. 'योजना थांबवली. थांबवणारे: राजूरकर भालचंद्र.'

गाडी दिवसभर जागची हलली नाही. दोन्ही गावांतले शेतकरी कापसाचे बोचके बांधून रस्त्याच्या कडेला वाट बघत बसले आणि संध्याकाळी शिव्या देत घरी गेले.

शुक्रवारी सकाळी कंपनीच्या मालकीण कल्याणी मॅडम यांचा फोन आला, म्हणून आम्ही तिथे पोचलो. आम्ही म्हणजे ॲडव्होकेट दैवशाला साळवे आणि मी, त्यांची ज्युनियर गंधाली. वयाने मी ताईंपेक्षा चांगली मोठी आहे. मुलं कॉलेजात गेल्यावर मला काळा कोट घालायची हौस आली. पण कोर्टात ज्याला अक्कल जास्त तो मोठा, त्यामुळे ताई त्या ताईच.

कल्याणी मॅडमनी आम्हाला केबिनमध्ये घेतलं आणि दार लावलं.

"राजूरकरांच्या पत्नी आमच्याकडेच कामाला आहेत," त्या म्हणाल्या. "सुहासिनीताई. साहेब गेल्यावर मीच त्यांना घेतलं, नमुन्यांच्या नोंदी करायला. नवऱ्याचा पासवर्ड बायकोशिवाय कुणाला माहीत असणार? मेलेल्या माणसाच्या नावानं सही करणं म्हणजे फसवणूकच ना? आज संध्याकाळी त्यांना कामावरून कमी करते आहे. कायद्यात कुठे अडकणार नाही ना, एवढंच बघा."

"संध्याकाळी ना?" ताई म्हणाल्या. "मग अजून दिवस आहे. आधी मी चार माणसांशी बोलते."

मी खिडकीतून खाली पाहिलं. गाडी अजून गेटपाशीच उभी होती. तिच्या बॉनेटवर कुणीतरी झेंडूची फुलं वाहिली होती.

२

पहिला आला अपूर्व. कंपनीचे कॉम्प्युटर बघणारा, पुण्याला नोकरी करून परत जालन्यात आलेला. चेहरा रात्रभर न झोपल्यासारखा.

"पूर्ण नाव सांगा," ताई म्हणाल्या. हे त्यांचं नेहमीचं आहे. साक्षीदार समोर आला की आधी पूर्ण नाव, मग बाकीचं.

"अपूर्व आष्टीकर."

"वडिलांचं?"

"ते लागतं का?" तो गोंधळला. "श्रीकांत. पण मी कुठे लिहीत नाही."

ताईंनी मान हलवली आणि त्याला गेल्या आठवड्यात काय बदललं ते सांगायला लावलं. मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण अपूर्वने इतकं साधं करून सांगितलं, की मलाही सांगता येईल.

पूर्वी प्लॅनरचा स्वतःचा वेगळा पासवर्ड असायचा आणि तो बहुतेक टेबलांवर चिठ्ठी लावून ठेवलेला असायचा. आता सगळ्या माणसांची ओळख एकाच ठिकाणी, क्लाउडवरच्या डिरेक्टरीत ठेवली आहे. ही डिरेक्टरी म्हणजे गेटवरचा वॉचमन. माणूस आला की तो ओळख पटवतो, मोबाईलवर आकडा पाठवतो, माणसाने तो दाबला की आत निरोप देतो, अमुक नावाचा माणूस आला आहे, बसवून घ्या. प्लॅनर म्हणजे आतला कारकून. तो नाव ऐकतो आणि त्या नावाच्या खुर्चीवर माणसाला बसवतो. सोमवारपासून कंपनीत हे सुरू झालं होतं.

"नावाच्या खुर्चीवर कशाला?" ताईंनी विचारलं.

"जुन्या प्लॅनरमध्ये ईमेल कुणाचेच नव्हते ताई, नुसती नावं होती. मग नावावरूनच जोड लावली. नाव जुळलं की जुने हक्क मिळतात. नाही जुळलं तर नवी साधी खुर्ची."

"आणि वॉचमनला नावं दिली कुणी?"

"ज्याची त्याने. मोबाईलवर फॉर्म पाठवला होता, 'पूर्ण नाव' असा एकच रकाना. आत निरोप देताना त्यातला पहिला आणि शेवटचा शब्द उचलायचा, मधलं सोडायचं, अशी सेटिंग केली. मोबाईलच्या पडद्यावर जागा कमी पडते." मग त्याने घसा खाकरला. "मला सांगायचं होतं ते वेगळंच आहे. राजूरकर साहेब डिरेक्टरीत नाहीतच. ती मी आत्ता नवी भरली. गेलेल्या माणसाला तिच्यात कोण घालेल?"

"आणि प्लॅनरमध्ये?"

"तिथे आहेत. प्लॅनिंग प्रमुख म्हणून. काढून टाकायला कुणाचा हात धजला नाही."

"म्हणजे साहेब गेटातून आले नाहीत," ताई सावकाश म्हणाल्या, "आणि आत मात्र त्यांच्या खुर्चीवर बसलेले सापडले."

"हो. आणि पासवर्डचा प्रश्नच येत नाही. जुने सगळे पासवर्ड सोमवारी बंद झाले. साहेबांचा पासवर्ड वहिनींना तोंडपाठ असला तरी आता त्याचा उपयोग शून्य. आत शिरायचं तर वॉचमनने पाठवलेला आकडा कुणीतरी जिवंत बोटाने दाबावा लागतो." त्याने ताईंकडे पाहिलं. "कुणीतरी दाबला, ताई. त्या वेळी अर्धं ऑफिस लॉगिन करत होतं, त्यातलं कोण ते कळायला मार्ग नाही. पण तो माणूस साहेबांच्या नावाने आत आला कसा, हे मला कळत नाही. ही सगळी जोडणी मी स्वतः केली आहे."

मी हनुमानाचं नाव घेतलं. मनातल्या मनात, कारण ताईंना असलं चालत नाही.

३

सुमित ढवळे हा राजूरकर साहेबांच्या जागेवर आलेला. तरुण, हुशार, आणि गेलं वर्षभर 'साहेब असं करत नव्हते' हे वाक्य ऐकून ऐकून वैतागलेला. मला तर हाच संशयित वाटत होता. आपली योजना आपणच थांबवायची आणि बिल फाडायचं विधवेच्या नावावर. मी ताईंना डोळ्याने खूण केली. त्यांनी ती पाहिली नाही, किंवा पाहून सोडून दिली.

"गाडी थांबण्याजोगं त्या योजनेत काय होतं?" त्यांनी विचारलं.

"नियमाने बघाल तर काहीच नव्हतं. दुसरी गाडी गॅरेजला आहे, म्हणून मी एकाच गाडीला दोन्ही गावं दिली. दोन्हीकडे वाण वेगळे, पण बोचके वेगळे, चिठ्ठ्या वेगळ्या, मध्ये ताडपत्री. सगळ्या कंपन्या असंच आणतात." मग म्हणाला, "साहेब आणू देत नव्हते. एका गाडीत एकच वाण. सरकीचं एक बी जरी इकडचं तिकडे गेलं तर पुढच्या वर्षी कुणाच्या तरी शेतात ते उगवून वर येतं, आणि तो शेतकरी आपल्याला ओळखत पण नसतो, असं म्हणायचे."

"हे थांबवणं तुम्हाला रद्द करता येत होतं?"

"एक बटण आहे."

"मग दाबलं का नाही?"

सुमित टेबलाकडे बघत राहिला. "पडद्यावर साहेबांचं नाव होतं," तो शेवटी म्हणाला. "मी बटणावर बोट नेलं, बराबर नेलं, आणि मंग मागे घेतलं. मी हे मॅडमना सांगितलेलं न्हाई."

माझा त्याच्यावरचा संशय तिथल्या तिथे विरघळला. एखादा माणूस गेल्यावरही त्याचा शब्द मोडायला लोकांची बोटं धजत नाहीत, असं जगणं कसं असेल, याचा मी विचार करत बसले. माझ्या घरात मी जिवंत असून माझा शब्द कुणी पाळत नाही.

त्याच्यानंतर ड्रायव्हर आला. झेंडूची फुलं त्यानेच वाहिली होती.

"पूर्ण नाव?"

"खरात सर्जेराव भुजंग. राहणार पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन." हात पाठीमागे बांधून, शाळेत हजेरी द्यावी तसं त्याने एका दमात सांगितलं.

"गाडी थांबली तेव्हा काय केलंत?"

"काय करनार? साहेबाचा हुकूम आल्ता. चावी काढली न् देवापुढं ठिवली. मी पंधरा साल साहेबाला घिऊन हिंडलो, वकीलबाई. बिलकुल साधा मानूस, पर गाडीत चुकीचा माल दिसला की खाली उतरून चाकापुढं हुभा ऱ्हायचा. आता वरून थांबवून राह्यला. मानूस मोठा व्हता, त्याला काय अवघड हाये."

"नवीन लॉगिन कसं वाटतं?"

सर्जेरावचा चेहरा एकदम बदलला. "त्याचं नाव काढू नका. सोमवारपसून ते मशीन माझा बाप काढून राह्यलंय. रोज सक्काळी मोबाईल उघडला की पयला माझा बाप काढतंय, मंग गाडीचं सांगतंय. अपूर्व साहेबाला सांगितलं तर हसून राह्यले."

आता कुणी बाप काढला की भांडण होतं, हे जालन्यात काय आणि पुण्यात काय, सारखंच. पण मशीनने ड्रायव्हरचा बाप काढावा, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला हसू आवरेना. अपूर्व म्हणाला होता, सर्जेरावला मोबाईल नीट वापरता येत नाही, चुकीचा आकडा दाबला की लाल अक्षरं येतात आणि त्याला वाटतं मशीन शिव्या देतंय.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सर्जेरावकडे इतका वेळ पाहत राहिल्या, की त्यालाच अवघडल्यासारखं झालं.

४

सुहासिनीताई आल्या त्या फिकट निळ्या साडीत. केस नीट विंचरलेले, हातात काही नाही. आपल्याला आज काढणार आहेत हे त्यांना माहीत होतं. ऑफिसात असलं काही लपत नाही. कल्याणी मॅडम या वेळी खोलीत येऊन बसल्या होत्या.

"पूर्ण नाव सांगा, ताई."

"राजूरकर सुहासिनी भालचंद्र," त्या म्हणाल्या. मग थोडं हसून, "बरीच वर्षं शाळेत शिकवलं. हजेरीची सवय आहे."

मॅडमना धीर निघेना. "सुहासिनीताई, तुम्ही साहेबांचा पासवर्ड वापरलात का, एवढं सांगा."

"नाही. त्यांचा पासवर्ड मला कधीच माहीत नव्हता. विचारायची वेळ आली नाही." आवाज स्वच्छ होता. मी इतकी वर्षं मुलांचं खोटं पकडत आले आहे, ही बाई खोटं बोलत नव्हती. पण तिच्याकडे काहीतरी होतं, आणि ते ती कुणाला देणार नव्हती, हेही मला तितकंच दिसत होतं.

ताईंनी गाडीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "घरी साहेब कसे होते?"

"घरी?" त्या सैलावल्या. "दोन डाळी एका पिशवीतून आणू देत नसत. मी म्हणायची, शेवटी वरणात एकत्रच करायच्यात ना. तर म्हणायचे, ते तू कर. वाटेत नको."

"आणि सकाळी तुम्ही लॉगिन करता, तेव्हा पडद्यावर काय दिसतं?"

सुहासिनीताईंनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मॅडम काही बोलणार होत्या, ताईंनी हाताने थांबवलं.

"माझं काम दिसतं," त्या अगदी हळू म्हणाल्या.

"ठीक आहे. बाहेर बसा थोडा वेळ. घरी जाऊ नका."

दार लागल्यावर मला राहवलं नाही. "ताई, सरळ विचारायचं ना, गाडी तुम्ही थांबवली का म्हणून."

"सरळ विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती," ताई म्हणाल्या. "आणि मॅडमनी तिथल्या तिथे तिला काढलं असतं. का आणि कसं, हे कुणी ऐकूनच घेतलं नसतं." मग त्या कल्याणी मॅडमकडे वळल्या. "प्लांटवरची सगळी माणसं वरच्या हॉलमध्ये बोलवा. अपूर्वला म्हणावं मोठा पडदा लाव. आणि गंधाली, बाप काढणं म्हणजे काय गं?"

"म्हणजे शिवी देणं."

"ते आपल्यासाठी. पण त्या माणसाने तक्रार केली ती अक्षरशः केली. आपण वाक्प्रचार ऐकला."

५

हॉल भरला. सरकी काढणाऱ्या, नमुने घेणाऱ्या, हमाल, ड्रायव्हर, सगळे. बायका भिंतीकडेने बसल्या. सुहासिनीताई दाराजवळ उभ्या होत्या.

ताईंनी सर्जेरावला पुढे बोलावलं आणि त्याचा मोबाईल मोठ्या पडद्याला जोडायला लावला. त्याने लॉगिन केलं. आकडा आला, त्याने तो अंगठ्याने दाबला. पडद्यावर हातभर अक्षरं उमटली.

'नमस्कार, खरात भुजंग.'

"भुजंग कोण?" ताईंनी विचारलं.

"माझा बाप. म्या कवाचा सांगून राह्यलो, काढतंय म्हनून."

कुणीतरी हसलं, पण ते हसणं पुढे गेलं नाही. अपूर्व उठून उभा राहिला होता. ताई त्याच्याकडे बघूनच बोलल्या.

"तुम्ही पुण्याला राहिलेली माणसं आधी नाव सांगता, मग आडनाव. वडिलांचं नाव विचारलं तर म्हणता, लागतं का. तुम्ही सेटिंग केली ती तुमच्यासारख्या नावांसाठी केली. पहिला शब्द आणि शेवटचा शब्द. पण इथली माणसं पूर्ण नाव लिहितात ती शाळेच्या दाखल्यावर असतं तशी. आधी आडनाव, मग स्वतःचं, शेवटी बापाचं. बाई असेल तर नवऱ्याचं. पहिला आणि शेवटचा शब्द उचलला, मधला टाकला, की काय उरतं?"

"माणूस गळतो," अपूर्व म्हणाला. "आडनाव राहतं आणि बाप राहतो."

"दाखवा सगळ्यांना. सोमवारपासून जे जे आत आलेत, ते कोण कोण आहेत."

अपूर्वने दोनचार कळा दाबल्या आणि पडदा भरून गेला. वाघमारे दगडू. शेळके गणपत. काकडे किसन. गायकवाड रामभाऊ. नावं खालून वर सरकत होती. पहिल्यांदा कुणाला कळलं नाही. मग मागून एक हमाल म्हणाला, "रामभाऊ तं माझे वडील. मी शाळेत असताना गेले." एक बाई उठून पडद्याजवळ गेली, डोळे बारीक करून वाचलं, आणि पदराने तोंड झाकलं. कुणाचा बाप गेल्या साली गेला होता, कुणाचा लहानपणीच. कुणाचा नवरा घर सोडून गेला होता तो त्या पडद्यावर कामावर हजर होता. सोमवारपासून ही कंपनी चालवत होते ते त्यांचे बाप आणि त्यांचे नवरे. मी इतकी वर्षं देवळात जाते. हात आपोआप जोडले जावेत असं मला फार थोड्या वेळा झालंय. त्या हॉलमध्ये ते झालं.

"तुम्ही कुणी बोलला का नाही?" मॅडमनी विचारलं.

वजनकाट्यावरच्या नंदाबाईंनी खांदे उडवले. "आमाला वाटलं हापिसात असंच लिवत्यात. आमचं नाव कुनी ईचारलंय कवा? रेशनला बी मालकाचंच ऱ्हातंय." हे त्यांनी अजिबात तक्रारीने सांगितलं नाही. मला मात्र ते लागलं.

ताईंनी आवाज चढवला नाही. "या बहुतेक नावांना जुन्या प्लॅनरमध्ये खुर्ची नव्हती. भुजंग खरात इथे कधी कामाला नव्हते. म्हणून कारकुनाने त्यांना नवी साधी खुर्ची दिली, काही बिघडलं नाही. एकाच माणसाच्या बाबतीत उरलेलं नाव जुन्या खुर्चीच्या नावाशी जुळलं, अक्षर न् अक्षर. राजूरकर सुहासिनी भालचंद्र. मधला शब्द काढून वाचा."

हॉलमधल्या सगळ्या माना दाराकडे वळल्या.

"त्यांनी कुणाचा पासवर्ड चोरला नाही. त्या स्वतःच्या नावाने गेटातून आल्या, स्वतःच्या बोटाने आकडा दाबला, आणि यंत्राने त्यांना नेऊन नवऱ्याच्या खुर्चीवर बसवलं. फसवणूक करायला माणसाला खोटं बोलावं लागतं, मॅडम. इथे खोटं कुणीच बोललेलं नाही."

६

सुहासिनीताई पुढे आल्या. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं.

"गाडी मीच थांबवली," त्या म्हणाल्या. "सोमवारी उघडलं तर 'नमस्कार, राजूरकर भालचंद्र' असं आलं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. काहीतरी घोटाळा आहे हे मला लगेच कळलं. सांगायला उठले, आणि परत बसले. सांगितलं असतं तर तुम्ही तो दुरुस्त केला असता. मग मी कशालाच हात लावला नाही. माझ्या नोंदी कागदावर करून ठेवल्या. नुसती सकाळी उघडून बघायची. वर्षभर त्यांना नमस्कार करणारं कुणी उरलं नव्हतं, सगळे मला येऊन वाईट वाटलं म्हणायचे."

"मग गुरुवारी?" मॅडमनी विचारलं.

"गुरुवारी पहिल्यांदाच पडद्यानं प्रश्न विचारला. राजूरकर भालचंद्र, आजची योजना मंजूर आहे का? गाडी एक, वाण दोन." त्यांनी मॅडमकडे सरळ पाहिलं. "प्रश्न मला नव्हता, त्यांना होता. आणि ते काय म्हणाले असते हे मला माहीत होतं. उत्तर न देता पडदा मिटून टाकणं मला जमलं नाही. हे चुकलं माझं. शेतकरी दिवसभर खोळंबले, ते माझ्यामुळे. काढायचं असेल तर काढा, पण चोर म्हणून नको."

ताईंनी मॅडमना अगदी सहज विचारलं, "गाडी थांबल्याचं तुम्हाला किती वाजता कळलं?"

"सकाळीच."

"तुमच्याकडेही ते बटण आहे ना?"

मला वाटलं मॅडम चिडणार. पण त्या खुर्चीत मागे टेकल्या. "आहे," त्या म्हणाल्या. "बाबांच्या वेळेपासून राजूरकर काका या कंपनीत. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हा त्यांनी मला कपाशीचं फूल उघडून दाखवलं होतं. त्यांनी थांबवलेली गाडी मी पुढे काढणार? मी दिवसभर त्या पट्टीकडे बघत बसले. आणि राग काढायला कुणीतरी हवं होतं, म्हणून तुम्हाला बोलावलं."

म्हणजे गाडी थांबवली एका बाईने, आणि थांबवून ठेवली अख्ख्या कंपनीने. सुमितच्या बोटाने, सर्जेरावच्या चावीने, मालकिणीच्या खुर्चीने. वाण मिसळू नये म्हणून आयुष्यभर गाडीपुढे उभा राहिलेला माणूस गेल्यानंतरही एक पूर्ण दिवस त्या गाडीपुढे उभा होता, आणि त्याला ओलांडायची कुणाची छाती झाली नाही. कायद्याच्या कुठल्या कलमात हे बसवायचं, मला सुचेना.

"सुहासिनीताई, तुम्ही कामावर राहणार आहात," मॅडम म्हणाल्या. "पण पुढच्या वेळी गाडी थांबवावीशी वाटली तर माझ्या केबिनमध्ये या आणि स्वतःच्या तोंडाने सांगा. मी ऐकेन."

सुमितने योजना मोडून दोन फेऱ्या केल्या. सर्जेराव फुलं काढून खिशात घालून तीर्थपुरीकडे निघाला, उरलेली फेरी शनिवारी. अपूर्वने नवा फॉर्म केला, तीन वेगळ्या रकान्यांचा, आणि हॉलमध्येच टेबल टाकून एकेकाला समोर बसवून तो भरून घेऊ लागला. नंदाबाईंनी स्वतःचं नाव पडद्यावर आलेलं पाहिलं, परत वाचून दाखवायला सांगितलं, आणि मग दुसरीला जागा दिली.

सुहासिनीताई सगळ्यांत शेवटी बसल्या.

"नाव?" अपूर्वने विचारलं.

"सुहासिनी."

"आडनाव?"

"राजूरकर."

अपूर्वची बोटं थांबली. तो पडद्याकडे न बघता म्हणाला, "मधल्या नावाचा रकाना भरायलाच हवा असं नाही, वहिनी. रिकामा ठेवला तरी चालतं. ते आता पडद्यावर कुणालाच दिसणार नाही. तुम्हालाही नाही."

मला वाटलं, रडतील. रडल्या नाहीत.

"भालचंद्र लिहा," त्या म्हणाल्या. "दिसलं नाही तरी चालेल. मी कुठेही लॉगिन केलं, तरी दोन शब्दांच्या मध्ये ते आहेत एवढं मला माहीत असलं की पुरे."

अपूर्वने अक्षर न् अक्षर सावकाश टाइप केलं आणि जतन केलं.